तिच्यासाठी काढून ठेवलेली कोशिंबीर

माझ्या बायकोबद्दल एक गोष्ट आमच्या गावात आणि दौंडात, दोन्हीकडं सांगितली जाते. पोटच्या पोरीनं ख्रिश्चन घरात लग्न केलं म्हणून ती बाई मरेपर्यंत त्या घरची पायरी चढली नाही, तिथल्या पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. गावात हे कौतुकानं सांगतात. दौंडात सांगतात तेव्हा बोलणाऱ्याचा आवाज दुखावलेला असतो. गोष्ट एकच आहे आणि दोन्हीकडं ती खोटी आहे. ती मी तयार केली, मीच पसरवली, आणि बायको गेल्यावरही काही महिने तशीच चालू दिली.

आता लिहितोय तेही लेकीनं सांगितलं म्हणून. आपल्या मनानं लिहिलं असतं असं म्हणायला मला तोंड नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या बाजूला. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकली आणि जमिनीला चिकटले. मी पुढं काकडी, टोमॅटो, कांदा करू लागलो. माल शिरूरला जायचा. घर वर आलं तशी भावकीत माझी किंमत वाढली. कुणाच्याही पोराची सोयरीक जुळवायची झाली की मला पुढं घालायचे. पाहुण्यांच्या ओसरीवर बसून मी शब्द टाकला की लग्न ठरायचं. या गोष्टीची मला फार गोडी होती, हे आधीच सांगून टाकतो.

एकुलती एक लेक शिकली, कुरकुंभच्या एमआयडीसीत कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा दौंडचा, बाप रेल्वेत होता, घर ख्रिश्चन. मुलात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या धर्मात काढली. लग्नाला आम्ही गेलो नाही. बायको रडली आणि रडून झाल्यावर म्हणाली, "झालं ते झालं. आता जाऊन तर येऊ."

तेव्हा मला एक जुनी रीत कामाला आली. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत, पाणीही पीत नाहीत. सगळ्यांना माहीत असलेली रीत. मी म्हणालो, "मूल हुईस्तवर जाऊन उपयोग काय? उपाशी बसून यायचं का?" बायकोला ते पटलं. लेकीलाही पटलं. मी मात्र रीत पाळत नव्हतो, रीतीच्या आड उभा होतो.

मग नात झाली आणि माझी सोय गेली.

पहिल्या नाताळला लेकीचा फोन आला. घरात फोन एकच, तो माझ्या खिशात. बायकोला नंबर लावता येत नव्हता, आणि मी शिकवला नाही. लेक म्हणाली, "आबा, सणाला आईला घेऊन या. तिच्या गळ्यात माळ आहे, माहीत आहे मला. तिच्यासाठी सगळं वेगळं करते. नवा डबा आणलाय. त्यात फक्त ती करते तशी काकडीची कोशिंबीर करून फ्रिजमध्ये ठेवते. भाकरी मी स्वतः थापीन. आमच्या भांड्याला तिचा हातसुद्धा लागणार नाही."

मी म्हणालो, "विचारतो."

विचारलं नाही. संध्याकाळी फोन करून सांगितलं, "न्हाई म्हणती. माळकरी बाई हाय, मटण शिजलेल्या घरात तिला कसं चालंल?"

आणि बायकोला सांगितलं, "पोरीचा फोन व्हता. सणाला तिच्याकडं सासरची माणसं असत्यात. म्हणाली, सण झाल्यावर बघू."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी काय त्यांच्याकडं मटण मागणार हाय व्हय? काकडी चोचवून दिली तरी भाकरी खाईन की."

"तिच्या सासूला अवघड वाटत असंल."

"सासूला का पोरीला?"

"आता ते मी कसं विचारू?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. पुढच्या वर्षी परत तसंच झालं. त्याच्या पुढच्या वर्षीही. लेक न चुकता फोन करायची आणि मी न चुकता दोन्हीकडं खोटं बोलायचो. मधल्या काळात मायलेकी भेटल्या नाहीत असं नाही. नात्यातल्या लग्नांत भेटायच्या, मांडवात, शेकडो माणसांत. लेक वाकून पाया पडायची. आई विचारायची, "बरी हायेस ना?" लेक म्हणायची, "आहे." दोघींच्या मनात एकच प्रश्न असायचा आणि दोघी मानी. "तू मला का बोलवत नाहीस" असं आईनं विचारायचं नाही आणि "तू का येत नाहीस" असं लेकीनं विचारायचं नाही. तरी कधीतरी विचारतील या धास्तीनं मी त्यांच्यापासून लांब गेलो नाही. लोक म्हणायचे, आबांचा लेकीवर जीव बघा, बाजूनं हलत नाहीत.

हे सगळं कशासाठी, तर भावकीतल्या सोयरिकींसाठी. नाताळला आबा दौंडला जेवून आले असं कळलं तर पाहुण्यांच्या ओसरीवर माझ्या शब्दाला वजन राहणार नाही, असं मला वाटायचं. त्याच भावकीतली पोरं आता नाताळला मोबाइलवर चांदणी आणि लाल टोपीतला म्हातारा टाकतात. पुण्यात नोकरी करणाऱ्या दोघांनी आपापल्या मनानं लग्नं केली आणि मला पत्रिका देऊन गेले. ज्यांच्यासाठी मी बायकोच्या नावावर खोटं बोललो, त्यांनी मला कधी विचारलंही नाही.

बायको गेल्या पावसाळ्यात गेली. रात्री जेवून झोपली, सकाळी उठली नाही. निरोप, शेवटचा शब्द, काही नाही.

दहाव्याला घोडनदीच्या काठावर माणूस बरंच जमलं. आमच्याकडं दहाव्याला भाषणं होतात. कीर्तनानंतर एकेक पुढारी माइक घेतो आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलतो, ओळख असो वा नसो. आमच्या भागातले एक पुढारी उठले. मी त्यांना कधीतरी ओसरीवर जे सांगितलं होतं, तेच त्यांनी फुलवून सांगितलं. "माउलीची निष्ठा बघा! लेक परधर्मात गेली, पण माउलीनं त्या घरच्या पाण्याचा घोट घेतला नाही! गळ्यातल्या माळेला डाग लागू दिला नाही!" बायका पदर डोळ्याला लावून हुंदके देत होत्या.

लेक बायकांत उभी होती, पायाला ओली वाळू लागलेली. तिनं मान खाली घातली नाही. भाषण संपेपर्यंत ती त्या माणसाकडं सरळ बघत राहिली आणि मग नवऱ्याला म्हणाली, "चला." पिंडाला कावळा शिवायच्या आधीच ती निघून गेली. मी त्या वेळी माइक मागू शकलो असतो. माइक माझ्यापासून चार हातांवर होता.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. डिसेंबरात जावयाचा आला.

"मामा, यंदा या. एकटेच आहात."

"तिला विचारलंस का?"

"ती हो म्हणत नाही, नको पण म्हणत नाही. तुम्ही या."

नाताळच्या दिवशी सकाळी शिरूरहून एसटीत बसलो. मल्चिंगच्या कागदावर लावलेल्या काकडीचा शेवटचा तोडा पिशवीत घेतला होता, कारण रिकाम्या हातानं जायची लाज वाटली. न्हावरं मागं पडलं, भीमेचा पूल गेला. गाडीत उसाच्या तोडीवर निघालेली माणसं होती. कुणी विचारलं असतं कुठं निघालात, तर काय सांगायचं याची मी वाटभर जुळवाजुळव करत होतो. इतकी सवय लागलेली. कुणी विचारलं नाही.

घरावर कागदाची मोठी चांदणी लावलेली होती. दारात विहीणबाई भेटल्या. मला हसून म्हणाल्या, "या या, व्याही! दौंडात गाडी लेट होते, पण इतकी लेट झालेली मी पहिल्यांदा बघते."

मी हसलो. पिशवी पुढं केली.

"काकड्या? लोक नाताळला केक आणतात हो!" असं म्हणत त्यांनी पिशवी उघडून एक काकडी नाकाला लावली. "पण कोवळ्या आहेत. सूनबाई, तुझे आबा आले बघ. भाजी मंडई घेऊन आले."

लेक स्वयंपाकघरात होती. नुकतीच चर्चमधून आलेली, चांगल्या साडीवर जुना टॉवेल खोचलेला. गॅसवर बिर्याणीचं मोठं पातेलं दमाला लावलेलं, झाकणाच्या कडेनं कणकेचं वळं. ओट्यावर चिकन मसाल्यात मुरत पडलेलं. खाली करंज्या-चकल्यांचे डबे, आपल्या दिवाळीला असतात तसेच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हात धुऊन घ्या. वीस माणसं यायचीत, बसवून ठेवायला मला वेळ नाही. काकडी चोचवता येते ना?"

"येती की."

"आई करायची तशी. किसायची नाही."

मला तिथं बसायला स्टूल दिलं. काकडी चोचवायची म्हणजे डाव्या हातात उभी धरायची, सुरीनं टोकावर आडवेतिडवे बारीक घाव घालायचे आणि वरचा थर कापून ताटात पाडायचा. परत घाव, परत थर. किसली की तिचं सगळं पाणी होतं, चोचवली की दाताखाली कुरकुरते. आमच्या घरी फ्रिज नव्हता तेव्हा बायको भाकऱ्यांना बसायच्या आधी काकडी चोचवून पातेल्यात घालायची, पातेल्यावर ओलं फडकं टाकून ते माठाच्या ओल्या वाळूत खुपसून ठेवायची. भाकऱ्या होईस्तोवर ती गार व्हायची. मग वरून दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, मोहरी-हिंगाची फोडणी गार करून. इतकं बघितलेलं होतं की मला वाटलं, मला सगळं येतं. मी काकडी चोचवली आणि मीठ, मिरची, लिंबू एकदमच घालून पातेल्यात कालवली.

नात आत आली. कॉलेजात शिकते. "आजोबा, डिसेंबरात कोशिंबीर गार कशाला करायची? बाहेर स्वेटर घालून फिरतोय आम्ही."

विहीणबाई म्हणाल्या, "आपल्याकडं प्रथा आहे ती. नाताळला केक नसला तरी चालेल, गार कोशिंबीर पाहिजे. फ्रिजचा वरचा कप्पा तिचा. एकदा मी त्या डब्यात चुकून चिकन ठेवलं, तर तुझ्या आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. डबा टाकून दिला आणि नवा आणला."

मी ताटातली सालं गोळा करत राहिलो.

लेक कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "यंदा वेगळा डबा काढायचा नाही. सगळी एकाच भांड्यात ठेवा."

"काढ की. सवय झाली आता," विहीणबाई म्हणाल्या.

"कुणासाठी? होती तेव्हा आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोशिंबीर आपणच खायचो, पाणी सुटलेली."

"मम्मी, आज नको ना," नात म्हणाली.

"मी कुठं काय म्हणते? मोठेपणाच आहे तिचा. नदीवर भाषणात ऐकलं की सगळ्यांनी. घोट घेतला नाही म्हणे. बायका रडत होत्या ऐकून. मीच एकटी अशी की मला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही." मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "मला कळत नव्हतं का आबा, माळेचं? मी तिला कुठं मटण खा म्हणत होते? नुसतं येऊन बसली असती. लेकीपेक्षा तिला ती माळ मोठी वाटली."

मी हात फडक्याला पुसले.

"ती न्हाई म्हणाली नव्हती," मी म्हणालो.

"काय?"

"मी तिला विचारलंच न्हाई."

विहीणबाईंनी नळ बंद केला.

"कधी?" लेकीनं विचारलं. "कोणत्या वर्षी?"

"कधीच न्हाई. तू फोन करायचीस. मी विचारतो म्हणायचो आन् संध्याकाळी तुला सांगायचो. ते तिचं नव्हतं, माझं व्हतं. भावकीत माझी मान खाली जाईल म्हणून."

इथपर्यंत सांगायची तयारी मी एसटीत केली होती. एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण तिनं पुढचा प्रश्न विचारला, आणि तो माझ्या तयारीत नव्हता.

"मग तिला काय सांगत होता?"

मी पातेल्यातली कोशिंबीर परत कालवू लागलो.

"आबा, तिला काय सांगत होता? सण यायचा, माझा फोन यायचा, ती विचारत असेल ना?"

"तुझ्याकडं सासरची माणसं असत्यात, सणाला येऊ नका म्हणती, असं सांगायचो."

ती खाली बसली नाही, रडली नाही. कोथिंबिरीच्या काड्या वेगळ्या करत राहिली, नंतर पानंही काड्यांत टाकू लागली. "म्हणजे ती गेली तेव्हा तिला असंच वाटत होतं. की मला तिची लाज वाटते. लुगडं नेसणाऱ्या, भाकरी खाणाऱ्या बाईची."

"व्हय."

"आणि तुम्ही हे मला आज सांगताय. तिला कधी सांगितलं?"

तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. लेकीलाही ते माहीत होतं.

विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, मी दर नाताळला चर्चमध्ये तिचं नाव घेऊन प्रार्थना करत आले हो. देवा, त्या बाईचं मन वळव, म्हणून. आज सकाळी म्हटलं, आता तिला क्षमा कर. तुम्ही देवाला पण चुकीचा पत्ता दिलात." त्या चेष्टा करत नव्हत्या. नळाजवळून निघून त्या माझ्यापासून लांब जाऊन बसल्या.

लेकीनं माझ्यासमोरचं पातेलं उचललं. बोट बुडवून चाखलं. "मीठ आत्ताच घातलं? आई ताट वाढताना घालायची." पातेलं फ्रिजमध्ये ठेवून तिनं दार लावलं. मग म्हणाली, "पाहुणे आले की बाहेर यायचं. जेवणाआधी उभं राहायचं आणि हे सगळ्यांसमोर सांगायचं. या घरात प्रत्येकानं माझ्या आईला काही ना काही म्हटलंय. मी धरून."

"सणाच्या दिवशी?"

"तिला कोणता दिवस मिळाला?"

दुपारी घर भरलं. रेल्वे कॉलनीतले शेजारी, जावयाचे भाऊ, भावजया, लेकरं. जोडलेल्या टेबलांवर पांढरी चादर. विहीणबाईंनी नेहमी प्रार्थना करायची, पण त्या म्हणाल्या, थांबा, व्याह्यांना बोलायचंय. लोकांना वाटलं म्हातारा आशीर्वाद देणार. काही जणांनी हात जोडले.

मी उभं राहून सांगितलं. सोयरिकी जुळवताना मी तासतास बोललोय, पण इथं चार वाक्यं जुळेनात. तिला कधी बोलावणं पोचलं नाही, तिनं कधी नाही म्हटलं नाही, दोन्ही बाजूंना खोटं सांगणारा मी. माळेचं निमित्त माझं. एवढंच बोललो. जावयाची आत्या माझ्याकडं बघत होती. ती तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अरे देवा."

जावई कडेला ग्लास मांडत होता. त्यानं एकच विचारलं. "मामा, तुमची नात छोटी असताना एकदा मी मोटरसायकल घेऊन आलो होतो. आईंना घेऊन जायला. तुम्ही रस्त्यावरच भेटलात. म्हणालात, त्यांना ताप आहे, झोपल्यात."

"व्हय."

"होता का ताप?"

"मागल्या वावरात काकडी तोडत व्हती."

तो ग्लास मांडत राहिला. शेजारचे एक पेन्शनर गृहस्थ घाईघाईनं म्हणाले, "बैठिए अंकल, हो गया. त्योहार का दिन है. खाना ठंडा हो जाएगा." त्यांना माझी दया आली असावी. लेकीनं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की ते गप्प झाले. मग जावयानंच थोडक्यात प्रार्थना केली. त्यात माझं नाव नव्हतं.

लेकीनं सगळं वाढलं, मलाही. बिर्याणी, रस्सा, करंजी. हात आखडला नाही. कोशिंबीर आली तेव्हा तिला पाणी सुटलेलं होतं, काकडी त्यात पोहत होती. कुणी तक्रार केली नाही. सगळ्यांनी वाटी मागून घेतली. चमच्यानं वाटी हलवत विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बायकोच्या हातची अशी झाली नसती."

"तुम्ही तिच्या हातची कवा खाल्ली?"

"इतकी वर्षं खातोय. तुमच्या लेकीनं केली तरी हात तिचाच ना? थोरल्या सुनेलाही येते आता. काकडी चोचवायची, किसायची नाही, मीठ शेवटी. या घरात सगळ्यांना पाठ आहे. फक्त ती बाई कशी होती ते कुणाला माहीत नाही."

मी जेवलो. एवढं झाल्यावरही मी जेवलो, आणि बिर्याणी चवीला चांगली लागली. हेही लिहून ठेवतो, कारण खरं लिहायचं ठरलंय.

निघताना लेक दारापर्यंत आली. मी म्हणालो, "पुढल्या वर्षी...", आणि तिनं मध्येच तोडलं. "पुढल्या वर्षीचं मला आज विचारू नका. गावात सांगा. दहाव्याला नदीवर जे होते त्या सगळ्यांना. आणि लिहून काढा. तोंडानं सांगताना तुम्ही बदलाल."

"बदलणार न्हाई."

"बदलाल, आबा. तुम्हाला सवय आहे."

जावयानं स्टँडवर सोडलं. वाटेत बोलला नाही. गाडी लागल्यावर पिशवी हातात दिली. त्यात करंज्यांचा डबा होता. कुणी भरला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गावात सांगायला सुरुवात केली आणि एक वेगळीच अडचण आली. कुणी रागावेना. पुढाऱ्यांकडं गेलो तर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "आबा, माणूस गेलं की मनाला असं लागून राहतं. तुम्ही नका मनावर घेऊ. ती माउलीच होती." मी म्हटलं, ती तुम्ही म्हणता तशी माउली नव्हती, तिला लेकीकडं जायचं होतं. ते म्हणाले, "तेच तर! मन मारून निष्ठा पाळली." मी जितकं खरं सांगितलं तितकं त्यांनी तिला आणखी वर चढवलं. विकास सोसायटीच्या ओट्यावर सांगितलं तर एक जण म्हणाला, "जुन्या काळी बापानं असंच वागायचं असतं. बरोबरच केलंत." शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, आता काकडीला काय भाव निघाला. दौंडात मला निदान दोषी तरी मानलं. इथं ते पदही मिळेना.

धाकट्या भावाला सांगितलं. त्याचं घर माझ्या भिंतीला लागून. सगळं ऐकून तो म्हणाला, "जाऊ दे ना, दादा. वैनी तशी बी कुठं फारशी जात नव्हती."

मी उठून घरी आलो.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. दहाव्यानंतरचा पहिला. ख्यालीखुशाली नाही. "सांगितलं?"

"सांगितलं. पुढाऱ्यांना, ओट्यावरच्यांना, काकाला."

"काका काय म्हणाला?"

मी तो जे म्हणाला ते सांगितलं. बदललं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय न्हाई."

तिच्या मागं कुकरची शिट्टी वाजली. मग म्हणाली, "म्हणजे परत ऐकून घेतलंत," आणि फोन ठेवला.

मी चप्पल घालून बाहेर पडलो. भाऊ कांद्याला पाणी देत होता, लाइट नुकतीच आली होती. मी बांधावरून हाक मारली. मोटरच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून चिखलात उतरून त्याच्याजवळ गेलो.

"ती जात नव्हती असं पुन्हा म्हणू नको. तसं न्हाई. मी नेत नव्हतो."

त्यानं खोरं टेकवून माझ्याकडं बघितलं. "आरं पण दादा, आता ती न्हाई. कुणाला काय फरक पडतोय?"

"तू म्हण."

"काय म्हणू?"

"मी नेत नव्हतो, असं म्हण."

"तू नेत नव्हतास," तो म्हणाला, जरा वैतागून. "झालं? आता सर, पाणी फुटतंय तिकडं." आणि खोरं घेऊन तो वाफ्याकडं पळाला.